अजाण हातांचा हिशेब

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. मौनव्रत धरून बसलेल्या या तपस्व्याच्या आश्रमात चोर लूट लपवतात, राजाचे शिपाई ऋषींनाही चोरांबरोबर पकडून नेतात आणि राजा त्यांना सुळावर देतो. तपाच्या बळावर ते जिवंत राहतात. पुढे राजाला चूक उमगते, तो क्षमा मागतो. पण सूळ अंगातून निघत नाही, तो कापून टोक आत तसेच ठेवावे लागते. म्हणून त्यांचे नाव अणीमांडव्य पडले. हा भोग कोणत्या कर्माचा, असे ते थेट धर्मालाच जाऊन विचारतात. लहानपणी त्यांनी किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळते. ऋषींना ते पटत नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा देणाऱ्या धर्मालाच ते मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप देतात, आणि त्यातून विदुर जन्मतो. त्याच वेळी ते एक नवी मर्यादा घालून देतात: वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत हातून घडलेले कर्म पाप म्हणून मोजले जाणार नाही. पापपुण्याचा निवाडा करणाराच चुकला आणि त्याचा नियम एका माणसाने बदलला, असे सांगणाऱ्या कथा फार नाहीत. ही त्यांपैकी एक आहे, आणि ती लहान मुलाच्या हातून घडलेल्या गोष्टीवरून घडली आहे.

घरात दीड-दोन वर्षांचे मूल असले की या कथेचा पूर्वार्ध केव्हाही समोर घडतो. ओट्याखाली साखर सांडलेली असते, मुंग्यांची रांग लागलेली असते. मूल उकिडवे बसते, एका मुंगीवर बोट दाबते, बोट उचलून बघते, मग दुसरीवर दाबते. चेहऱ्यावर राग नसतो, दुष्टपणाही नसतो. हलणारी वस्तू हलायची थांबली, एवढेच त्याला दिसलेले असते. या मुलाला पाप लागत नाही, हे बहुतेक आईवडील न शिकताच जाणतात. तरीही त्याला तसे करू द्यावे, असे कोणी म्हणत नाही. जो अजून उत्तरदायी नाही, त्याला ‘संस्कार’ म्हणून शिकवायचे ते काय, आणि त्यात नेमके शिकतो कोण, हा प्रश्न येथून सुरू होतो. पहिल्या तीन वर्षांतले धर्मशिक्षण मुलाचे नसते, घराचे असते, असे या प्रश्नाचे उत्तर देता येते, आणि निरनिराळ्या परंपरांतला पुरावा त्याच बाजूने पडतो.

उत्तरदायित्वाची सीमा जवळजवळ प्रत्येक परंपरेने आखली आहे. गौतम धर्मसूत्रानुसार उपनयनापूर्वी मुलाने हवे तसे वागावे, हवे ते बोलावे, हवे ते खावे. त्याला आचमनाचा विधी नाही, पुसणे, धुणे आणि पाणी शिंपडणे एवढेच पुरते, आणि त्याच्या स्पर्शाने कोणाला अशौच येत नाही. सोवळे-ओवळे काटेकोर पाळणाऱ्या समाजाने दिलेली ही सूट लहान नाही. ब्राह्मण मुलाच्या उपनयनाचा काळ गर्भापासून आठवे वर्ष धरला जाई. इस्लाममध्ये मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाज पढायला सांगावे, असे हदीसमध्ये येते. कॅथलिक चर्चच्या कायद्यात सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विवेकबुद्धी आली असे गृहीत धरतात; वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पहिल्या कम्युनियनची तयारी त्यानंतरच सुरू होते. बौद्ध विनयात तर वर्षांऐवजी एक कसोटी दिली आहे: पंधरा वर्षांहून लहान मुलगा कावळे हाकलण्याइतका मोठा असेल तर त्याला श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्षू, करता येते. 1860च्या भारतीय दंड संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नव्हते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 मध्ये ती तरतूद तशीच आहे.

धर्मसूत्रांच्या या उदारपणाला एक मोठी मर्यादा होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. तो नियम मुंज होणाऱ्या मुलाच्या दृष्टीने लिहिलेला आहे. ज्यांची मुंज होत नसे त्या मुलींचा आणि इतर जातींतल्या मुलांचा विचार त्यात नाही. दोन वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा सारखेच अजाण असतात, तरी अनेक घरांत मुलीचे ‘वळण’ आधी सुरू होते: तिने पाय जुळवून बसावे, तिने खेळणे आधी द्यावे, तिने ओरडू नये. अजाणपणाची सवलत द्यायची तर ती सगळ्या अजाणांना द्यायला हवी.

सात-आठ वर्षांच्या सीमेआधी काय घडते, याविषयी ग्रंथ फारसे बोलत नाहीत. मनुस्मृतीत चौथ्या महिन्यात मुलाला घराबाहेर नेणे, सहाव्या महिन्यात अन्नप्राशन आणि पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी चूडाकर्म सांगितले आहे. मराठी घरात यांचीच रूपे उष्टावण आणि जावळ या नावांनी होतात. बारसे आणि संक्रांतीचे बोरन्हाण त्यांना जोडून येते. या सगळ्यांत करणारे मोठे असतात. मूल मांडीवर असते, रडते, भाताचे शीत थुंकून टाकते. विधी त्याच्यावर होतो, त्याच्याकडून होत नाही.

त्याआधीचा आणखी एक प्रश्न असा की मूल येताना काही घेऊन येते का. न्यायदर्शनाचे सूत्रकार अक्षपाद यांनी तिसऱ्या अध्यायात तान्ह्या बाळालाच आत्म्याच्या नित्यत्वाचा पुरावा म्हणून उभे केले आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला हर्ष, भय आणि शोक होतो. त्याला दुधाची ओढ असते. या जन्मात तर त्याने अजून काहीच अनुभवलेले नाही; तेव्हा ही ओढ आधीच्या जन्मातल्या सवयीच्या स्मृतीतून आली असली पाहिजे. प्रतिपक्ष म्हणतो की कमळ उमलते-मिटते ते कोणत्या स्मृतीने? लोखंड चुंबकाकडे जाते ते कोणत्या सवयीने? उत्तर असे की कमळाला ऊन, थंडी आणि पाऊस हे कारण आहे, लोखंडही केवळ चुंबकाकडेच जाते म्हणजे तेथेही ठरावीक कारण आहे. बाळाच्या ओढीलाही कारण हवे, आणि खाण्याची इच्छा मोठ्या माणसांत पूर्वीच्या अनुभवातून येताना दिसते. वाद आजही वाचण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजूंनी बाळाकडे नीट पाहिले आहे. आजचे शरीरशास्त्र दूध ओढण्याच्या क्रियेला जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया म्हणते, म्हणजे प्रतिपक्षाच्या कमळाच्या बाजूने झुकते. पण मूल कोरे येत नाही, एवढे नैयायिकांचे म्हणणे त्यातही टिकते. मानवी मनाला कोऱ्या कागदाची उपमा देणाऱ्या जॉन लॉकचे म्हणणे मात्र दोन मुले वाढवलेल्या कोणत्याही आईला पटणे अवघड आहे. एकाच घरात, एकाच हाताने वाढलेली दोन भावंडे पहिल्या वर्षापासून वेगळी असतात.

लोकश्रद्धेने हा प्रश्न आणखी सोप्या रीतीने सोडवला. जन्मानंतर पाचव्या रात्री पाटा-वरवंट्याची पूजा होते, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते. झोपेत बाळ हसले की सटवाई हसवते असे म्हणतात. या कल्पनेत एक दिलासा आहे: मुलाच्या स्वभावाचा सगळा भार आईवर येत नाही. पण तिचाच दुसरा चेहरा कठोर आहे. मूल अपंग असेल, बोलायला उशीर करत असेल, सतत आजारी पडत असेल, तर ‘मागच्या जन्मीचे’ हे शब्द घरात येतात आणि बहुधा आईकडे पाहून उच्चारले जातात. मांडव्यांच्या कथेचा खरा उपयोग येथे आहे. एवढ्या लहान वयातल्या कर्माचा एवढा मोठा भोग अन्याय्य आहे, असे त्या कथेत एक ऋषी धर्माला तोंडावर सांगतो. ज्या परंपरेत कर्मसिद्धान्त आहे, त्याच परंपरेत हा निषेधही आहे. आजारी मुलाच्या पाळण्याशी कर्माचा हिशेब मांडणाऱ्याला तो ऐकवायला हवा.

ख्रिस्ती विचारातही मूल कोरे नाही, पण दृष्टी निराळी आहे. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या पहिल्या खंडात एका तान्ह्या मुलाचे वर्णन केले आहे: त्याला बोलताही येत नव्हते, पण आपल्याच दाईचे दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते मत्सराने, पांढरे पडून पाहत होते. ऑगस्टीन यांचा निष्कर्ष असा की बाळाचे निरागसपण त्याच्या हातापायांच्या दुबळेपणात असते, मनात नसते. पाठचे भावंड आल्यावर थोरल्याने बाळाच्या डोळ्यात बोट घातलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निरीक्षण खोटे म्हणता येणार नाही. त्याला पाप म्हणायचे का, हा वेगळा प्रश्न. भागवताच्या दहाव्या स्कंधात मूल लोणी चोरते, माती खाते, मडकी फोडते, आणि त्याच कृत्यांना लीला म्हटले आहे. एकच वय, जवळजवळ तीच कृत्ये, आणि दोन परंपरांचे दोन डोळे. मुलाच्या मनात मत्सर असतो हे ऑगस्टीन यांचे खरे. त्या मत्सरापोटी त्याला दोषी धरता येत नाही हे भागवताचे खरे.

मग शिक्षण होते कसे? संध्याकाळी दिवेलागणीला घरात जे घडते त्यात याचे उत्तर सापडते. आजी निरांजन लावते, घंटा वाजते. दीड वर्षाचे मूल धावत येते, हात जोडते, पण तळवे एकमेकांना नीट लागत नाहीत. डोळे मिटायला सांगितले की ते घट्ट मिटून एक उघडा ठेवते. ‘जय बाप्पा’ झाले की हात पुढे येतो, खडीसाखर मिळते. देव्हाऱ्यात एक गुडघा टेकून रांगणारा पितळी बाळकृष्ण असतो. अनेक घरांत तो लेकीबरोबर माहेरून आलेला असतो. मूल स्वतःच्या तोंडातली ओली खडीसाखर काढून बाळकृष्णाच्या तोंडाला लावते. नैवेद्य उष्टा झाला, असे क्वचितच कोणी म्हणते. बौद्ध घरात हेच वय बुद्धमूर्तीपुढे मोठ्यांबरोबर वाकते आणि पाहुणा आला की हात जोडून ‘जय भीम’ म्हणते. त्रिशरण-पंचशीलाचे शब्द त्याला अजून कळत नाहीत. मुस्लिम घरात सजद्यात गेलेल्या बापाच्या पाठीवर मूल चढते. नातू पाठीवर बसला म्हणून पैगंबरांनी सजदा लांबवला, अशी हदीस आहे. बाप त्यामुळे मुलाला ढकलत नाही.

अर्थ न कळता केलेल्या या कृती म्हणजे पोपटपंची आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक माणसे घेतात. ज्याला देव ठाऊक नाही त्याला हात जोडायला लावणे म्हणजे विचार करण्याआधीच त्याचे मत ठरवणे होय, असे ते म्हणतात. आक्षेप दहा वर्षांच्या मुलाबाबत बरोबर ठरू शकतो. दोन वर्षांच्या मुलाबाबत तो वस्तुस्थितीला सोडून आहे, कारण या वयात कृतीआधी अर्थ येण्याची सोयच नाही. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका पेटीतून खाऊ किंवा बक्षीस काढायचे होते. दाखवणारा काही निरुपयोगी हालचालीही करत होता. पेटी पारदर्शक असली आणि त्या हालचाली फुकट आहेत हे उघड दिसले, की चिंपांझींनी त्या गाळल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र त्या इमानेइतबारे केल्या. माणसाचे मूल फळापेक्षा रीत उचलते. भाषा, स्वयंपाक, विणकाम आणि पूजा या सगळ्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्या याच बळावर. आणि जातिभेदही याच बळावर टिकला. मोलकरणीला कोपऱ्यात वेगळ्या कपात चहा दिला जातो, हे मूल घंटेइतक्याच बारकाईने पाहते. त्याच्या लेखी दोन्ही रीतीच असतात, आणि त्यांतली धर्माची कोणती व अधर्माची कोणती हे त्याला सांगणारे कोणी नसते.

म्हणून देव्हाऱ्यापुढची दोन मिनिटे आणि उरलेला दिवस वेगळे करता येत नाहीत. गौतम धर्मसूत्रातच चाळीस संस्कार मोजून झाल्यावर आठ आत्मगुण सांगितले आहेत. सर्व भूतांविषयी दया, क्षमा, अनसूया आणि शुचिता त्यांत येतात. चाळीसही संस्कार झालेल्या पण हे गुण नसलेल्या माणसाला ब्रह्माची प्राप्ती होत नाही. संस्कारांपैकी थोडेच झाले पण गुण असले तर होते. इतक्या प्राचीन विधिग्रंथाने विधींना दिलेले हे दुय्यम स्थान घरोघर सांगण्यासारखे आहे. पुण्या-मुंबईत आणि त्याहून अधिक परदेशातल्या मराठी घरांत अडीच वर्षांच्या मुलाकडून श्लोक पाठ करून घेऊन पाहुण्यांपुढे म्हणवून घेण्याची हौस असते. त्यात वाईट काही नाही, मुलांना तालात बोलायला आवडते. मात्र तेवढ्याने संस्कार झाले असे मानणे त्या ग्रंथालाच धरून नाही.

दयेचा पहिला धडा कसा दिला जातो, हे पडण्याच्या प्रसंगात पाहावे. मूल चालताना आपटते, ओठ बाहेर येतो, क्षणभर थांबून ते मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघते. मराठी घरात यावर दोन उपाय ठरलेले आहेत. एकात कोणीतरी जमिनीवर चापट मारते: हिने मारले ना बाळाला, हिला हत्त करू. दुसऱ्यात जमिनीकडे बोट दाखवतात: अगं बाई, मुंगी मेली बघ! दोन्ही उपाय चालतात, रडे थांबते, आणि करणाऱ्याचे प्रेम खरेच असते. पण त्यांतून जे शिकवले जाते ते विचार करण्यासारखे आहे. पहिल्यात, आपल्याला दुखले तर दोष दुसऱ्याचा आणि त्यावर उपाय फटका. दुसऱ्यात, आपले दुःख विसरायला दुसऱ्याचा मृत्यू. तेच मूल तासाभराने ओट्याखालच्या मुंग्या दाबते तेव्हा त्याला ‘पाप लागेल’ असे सांगितले जाते. सकाळच्या धड्याशी दुपारचा धडा जुळत नाही, आणि त्यांतला कृतीचा धडाच मुलाकडे राहतो. तिसरा उपाय सोपा आहे आणि पुष्कळ आज्या तोही करतात: जवळ बसायचे, जिथे लागले तिथे हात फिरवायचा, ‘लागलं ना’ एवढेच म्हणायचे.

मुंगीच्या बाबतीतही हाताचाच उपयोग होतो. पापाची भीती घालण्यापेक्षा मुलाचा हात हातात घेऊन तो हळू ठेवायला लावणे, साखरेचा कण टाकून मुंगी तो कशी नेते ते दाखवणे, मांजराच्या पाठीवर त्याचा तळवा धरून सावकाश फिरवणे. लॉकने 1693 च्या ‘सम थॉट्स कन्सर्निंग एज्युकेशन’ या ग्रंथात मांडव्यांची कथा माहीत नसताना नेमका हाच विषय घेतला आहे. मुले पाखरे, फुलपाखरे यांना छळतात. तिकडे लक्ष ठेवावे, नाहीतर मन निबर होते, असे तो म्हणतो, आणि एका आईची स्तुती करतो. ती मुलींना हवे ते कुत्रे, खार, पाखरू आणून देई, पण एकदा दिले की त्याचे खाणेपिणे नीट पाहण्याची जबाबदारी त्यांची असे. कोऱ्या कागदाविषयी लॉकशी मतभेद असला तरी येथे त्याचे म्हणणे घरगुती अनुभवाला धरून आहे.

जेवताना चिऊचा घास, काऊचा घास करत भरवण्याची रीतही याच जातीची आहे. घास मुलाच्याच पोटात जातो, पण प्रत्येक घासामागे कोणीतरी दुसरे उभे असते. गोष्टीतल्या चिऊकाऊंचे मात्र तसे नाही. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात भिजत दाराशी उभा राहतो, मेणाच्या घरातली चिमणी बाळाला न्हाऊ घालायचे, तीट लावायची अशी कारणे सांगत दार उघडत नाही. काही घरांत शेवटी कावळ्याला चटकाही बसतो. दोन वर्षांच्या मुलाला यात आवडतो तो पुनःपुन्हा येणारा टकटक आवाज. गोष्टीचे तात्पर्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, असे म्हणून सोडून देता येईल. तरी सांगणाऱ्याने दार लवकर उघडायला काही हरकत नसते, आणि कित्येक आया ते उघडतात.

भीतीचा विषय याहून गंभीर आहे. बागुलबुवा, पोलीस, सुई टोचणारे डॉक्टर यांच्या रांगेत देवही उभा केला जातो: बाप्पा बघतो आहे, बाप्पा कान कापेल. हे म्हणणाऱ्याला देवाची निंदा करायची नसते, काम लवकर उरकायचे असते. परिणाम मात्र धार्मिक दृष्टीनेच वाईट होतो. वारकरी परंपरेत नामदेवांची कथा आहे: लहानग्या नामदेवाला वडील दामाशेटींच्या ऐवजी नैवेद्य घेऊन देवळात पाठवले गेले, विठोबा जेवला नाही म्हणून तो हट्ट धरून बसला आणि देव जेवला. या कथेतल्या मुलाला देव कान कापणारा वाटला असता, तर तो त्याच्यापुढे हट्ट धरून बसला नसता. श्रद्धा असलेल्या घराने देवाचा धाक घालणे म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या भक्तीची वाट आधीच अडवणे; श्रद्धा नसलेल्या घराला तर त्याची गरजच नाही.

भीतीच्या उलट टोकाला लालूच आहे. खेळणी उचलून ठेवली तर चॉकलेट, नमस्कार केला तर चॉकलेट. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये दाखवले की अठरा महिन्यांची मुले अनोळखी माणसाला न सांगता मदत करतात: हातातून पडलेली वस्तू उचलून देतात, हात भरलेल्या माणसासाठी कपाटाचे दार उघडतात. 2008 मध्ये त्यांनीच वीस महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. मदतीबद्दल ज्यांना बक्षीस दिले गेले होते, त्यांनी नंतर बक्षीस नसताना मदत कमी केली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांची मदत तशीच चालू राहिली. गीतेतला फळाची आशा न धरता कर्म करण्याचा उपदेश हा मोठ्या साधनेनंतर साधणारा मानला जातो. तो भाव निदान बीजरूपाने दीड वर्षाच्या मुलात असतो आणि घर तो बक्षिसे देऊन घालवते, असे या प्रयोगांवरून म्हणता येते.

अपराध आणि क्षमा यांचा व्यवहार या वयात जवळजवळ संपूर्णपणे मोठ्यांचाच असतो. मूल दुसऱ्याला चावते, खेळणे हिसकावते. ‘सॉरी म्हण’ किंवा ‘कान पकड’ असा हुकूम सुटतो. मूल कान पकडते, हसते आणि पुन्हा चावते, कारण कान पकडणे हा त्याला खेळ वाटतो. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायला शिकवलेले मूल मुद्दाम पाय लावून नमस्कार करते, तेही याच कारणाने. यात लबाडी शोधू नये. ज्याँ पियाजे यांनी 1932 मधील अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या: एकाच्या हातून नकळत पंधरा कप फुटले, दुसऱ्याच्या हातून चोरून मुरांबा घेताना एकच. जास्त वाईट कोण? त्यांतली लहान मुले पंधरा कपांकडे बोट दाखवत. हेतूचा विचार थोडे मोठे झाल्यावर येतो. ही मुले बोलण्याइतकी मोठी होती. दोन वर्षांच्या मुलाला तर स्वतःचा हेतूही वेगळा काढून दाखवता येत नाही. तेव्हा चावलेल्या मुलाला जवळ घेणे, चावणाऱ्याला शांतपणे बाजूला घेणे आणि क्षमा मागायची तर त्याच्या देखत मोठ्याने मागणे, एवढेच त्या वयाला शोभते. वडिलांनी आईची मागितलेली क्षमा मुलाने ऐकली, तर तो शब्द कशासाठी असतो हे त्याला तेव्हा कळते.

मराठी मनात संस्कारांचे चित्र ठसवले ते साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने. नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये लिहिलेले हे पुस्तक 1935 मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही घरोघर आहे. पण त्यातला श्याम समजणारा, आठवण ठेवणारा, उत्तर देणारा मुलगा आहे. आईचे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतात. त्या चित्राच्या प्रभावाखाली दीड वर्षाच्या मुलालाही लांबलचक समजावून सांगितले जाते आणि ते ऐकत नाही म्हणून आई स्वतःला दोष देते. त्याऐवजी ताराबाई मोडक यांचे काम पाहणे या वयाच्या संदर्भात अधिक उपयोगी आहे. 1945 मध्ये बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण व आदिवासी भागात बालवाड्या चालवल्या, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली. मुलाला उपदेश करण्याऐवजी भोवतालची व्यवस्था बदलायची, ही त्यामागची दृष्टी होती. घरातही तेच लागू पडते: हाताला लागेल अशा उंचीवर पाण्याचे भांडे, स्वतः उचलता येईल असा केरसुणीचा लहान तुकडा, फुटले तरी चालेल अशी वाटी. शुचिता हा आत्मगुण मूल बहुधा येथून उचलते.

मुलाला देव मानणाऱ्या परंपरेत मोकळीक किती द्यावी, हा प्रश्नही उभा राहतो. बाळकृष्णाच्या लीला सांगत वाढलेल्या घरात हट्ट पुरवणे हीच भक्ती ठरण्याची शक्यता असते. भागवतात मात्र यशोदा मडके फोडणाऱ्या कृष्णाला उखळाला बांधते. दोरी दर वेळी दोन बोटे कमी पडते, आणि ती दमलेली पाहून कृष्ण स्वतःच बांधून घेतो. त्यावरून त्याचे दामोदर हे नाव आले. देव घरी मूल होऊन आला तरी त्याला आवरणारी आई लागते, आणि आवरण्यात शिक्षेचा हिशेब नसतो. रस्त्यावर धावणाऱ्या, गॅसच्या बटणाला हात घालणाऱ्या मुलाला घट्ट धरून ठेवणे याच प्रकारात येते. त्यासाठी फटका लागत नाही आणि स्पष्टीकरणही लागत नाही.

चौथ्या वर्षाच्या सुमारास स्थिती बदलते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे बहुतेक मुलांना याच काळात कळू लागते. ‘मी नाही सांडलं’ हे वाक्य तोवर बरेचसे इच्छेचे असते, आता ते हेतुपूर्वक खोटे असू शकते. मूल ‘का’ विचारू लागते: मुंगीला का मारायचे नाही, बाप्पा बोलत का नाही, कामाच्या मावशींचा कप वेगळा का. यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना कारणे देता येतात किंवा ‘ठाऊक नाही’ म्हणता येते. तिसऱ्याला देण्याजोगे कारण नसते, आणि तेथे घराला रीतच बदलावी लागते. चार ते सात-आठ या वर्षांत हाताला धरून दाखवणे कमी होत जाते आणि शब्द, वचन, कबुली यांना अर्थ येऊ लागतो. परंपरांनी नमाज, पहिले कम्युनियन किंवा उपनयन ज्या वयात ठेवले, त्या वयापर्यंत ही तयारी चालते.